दोन विमानतळांमधलं अंतर कसं मोजतात? भारतात या मोजणीचा पाया घालणारा माणूस हिंगणघाटमध्ये विसावलाय

समजा, भूम तालुक्यातल्या एखाद्या गावातला पोरगा अमेरिकेत नोकरीला निघालाय. एसटीने पुणे, पुढे मुंबई आणि तिथून विमानाने थेट न्यूयॉर्क. घरातली म्हातारी माणसं हमखास विचारणार, किती लांब आहे रे ते?

भूम ते पुणे म्हटलं की उत्तर सोपं असतं. रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत, एसटीच्या तिकिटाला टप्पे आहेत. पण मुंबई ते न्यूयॉर्क या वाटेवर दगड नाहीत. खाली वाळवंटं, डोंगर आणि अख्खा अटलांटिक महासागर. तिथे कुणी टेप धरून चालत गेलेलं नाही. तरी इंटरनेटवर विचारलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर हे उत्तर क्षणात मिळतं.

हा आकडा येतो कुठून?

तो येतो पृथ्वीच्या मापातून. भारतात हे माप घ्यायला एका इंग्रज माणसाने आयुष्याची शेवटची २० हून जास्त वर्षं घालवली आणि अखेर तो महाराष्ट्रातच मेला. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

आधी गणित समजून घेऊ

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेषा सरळ पश्चिमेला जाते. आपल्याला वाटतं हाच सगळ्यात जवळचा मार्ग. पण शाळेतल्या नेहमीच्या नकाशावरची ती सरळ रेषा धरून प्रत्यक्षात उडलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे जवळपास १,७०० किलोमीटर जादा.

आता पृथ्वीचा गोल घ्या. एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकेल आणि युरोपवरून वर चढून पलीकडे उतरेल. गोलावरचा सगळ्यात कमी अंतराचा मार्ग हा असा असतो. पृथ्वीचे बरोबर दोन सारखे भाग करणारं जे वर्तुळ असतं, त्याचा तो तुकडा असतो. त्याला बृहद्वृत्त म्हणतात.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश माहीत असले की त्रिकोणमितीने त्यांच्यामधला कोन निघतो. म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून या दोन ठिकाणांकडे रेषा काढल्या तर त्यांच्यात किती अंशांचा कोन होईल ते. मुंबई आणि न्यूयॉर्कसाठी तो सुमारे ११२.७ अंश येतो.

खरी गोम पुढे आहे. कोन अंशात मिळाला, पण आपल्याला हवेत किलोमीटर. त्यासाठी एक अंश म्हणजे जमिनीवर किती किलोमीटर हे माहीत पाहिजे. हे माप साधारण १११ किलोमीटर आहे. यात एक टक्का जरी चूक झाली तर न्यूयॉर्क सव्वाशे किलोमीटर पुढे किंवा मागे सरकेल.

आणि अंशाची लांबी आकाशाकडे बघून कळत नाही. ती जमिनीवर उतरून, फूटफूट करूनच मोजावी लागते. लॅम्बटनने नेमकं हेच केलं.

गरीब घरातला, उशिरा नाव कमावलेला माणूस

लॅम्बटनचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात, नॉर्थलर्टन गावाजवळ झाला. घरची परिस्थिती बेताची. गणितात डोकं चालायचं, त्यामुळे गावच्या शाळेत शिकता आलं. पुढे सैन्यात खालच्या दर्जाचा अधिकारी म्हणून भरती झाला आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तिकडे गेला.

युद्ध संपल्यावर बरेच सैनिक मायदेशी परतले. लॅम्बटन मात्र आजच्या कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक भागात राहिला. तिथे जमिनी मोजायच्या आणि बराकींची देखरेख करायची, असं साधं काम. दहा-बारा वर्षं अशीच गेली. या निवांत काळात त्याने गणित आणि पृथ्वीचं माप घेण्याच्या शास्त्राची पुस्तकं वाचून काढली.

१७९० च्या दशकाच्या शेवटी तो आपल्या ३३ व्या पलटणीबरोबर भारतात आला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. या पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली. १८०३ साली जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आणि पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा वेलस्ली.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत लॅम्बटन पहिल्यांदा वरिष्ठांच्या नजरेत भरला. जनरल बेअर्डच्या हाताखाली एक तुकडी रात्रीच्या अंधारात निघाली होती. लॅम्बटनने ताऱ्यांकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण दक्षिणेला जायचं सोडून उत्तरेला, थेट टिपूच्या छावणीकडे चाललोय. साहेबाला हे सांगणं सोपं नव्हतं. पण होकायंत्र पाहिल्यावर लॅम्बटनच बरोबर ठरला आणि तुकडी बचावली.

पालखीवाल्याला विचारा की

टिपूच्या पाडावानंतर कंपनीच्या हातात मोठा मुलूख आला. सारा वसूल करायचा, फौजा हलवायच्या, तर नकाशे हवेत. ही मोजणी शास्त्राच्या प्रेमापोटी मंजूर झाली नव्हती, तिच्यामागे राज्य चालवण्याची गरज होती हे विसरून चालणार नाही.

पण लॅम्बटनच्या डोक्यात नकाशापेक्षा मोठं काहीतरी होतं. त्याला मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची माळ न्यायची होती आणि त्याच कामात पृथ्वीचा आकार शोधायचा होता. वेलस्लीच्या शिफारशीमुळे १८०० साली मद्रास सरकारने परवानगी दिली.

खर्चाला नाक मुरडणारे होतेच. मद्रासच्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं असं होतं की श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीवाल्यांच्या म्होरक्याला सांगितलं की पुरे, तो बरोबर नेऊन पोचवतो. त्यासाठी लॅम्बटनच्या नकाशाची गरज काय?

पालखीसाठी हे खरंही होतं. पालखीवाल्याला वाट पायाने माहीत असते. पण समुद्रावरच्या जहाजाला आणि आजच्या विमानाला अशी पायाखालची वाट नसते. त्यांना आधी आकडा लागतो आणि मगच वाट ठरते.

चीनच्या बादशहाने नाकारलेली साखळी

कामाला हत्यारं हवी होती. चीनच्या बादशहाला भेट द्यायला ब्रिटिशांनी काही शास्त्रीय उपकरणं पाठवली होती. तिकडे ती नको झाली आणि फिरून कलकत्त्यात आली. त्यात १०० फुटांची एक पोलादी साखळी होती. अडीच-अडीच फुटांचे ४० दांडे जोडून केलेली. ही साखळी लॅम्बटनला मिळाली.

दुसरं हत्यार म्हणजे मोठा थिओडोलाइट, कोन मोजायची दुर्बीण. त्याचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास. लंडनहून तो घेऊन येणारं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि थिओडोलाइट मॉरिशसला गेला. पेट्या उघडल्यावर हे शास्त्राचं उपकरण आहे हे कळलं आणि तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. दोन देशांत वैर असताना घडलेली ही गोष्ट आहे.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ मोजणी सुरू झाली. साडेसात मैलांची, म्हणजे साधारण १२ किलोमीटरची एक सरळ रेषा मोजायची होती. तुम्ही म्हणाल, त्यात काय, दोन दिवसांचं काम. याला लागले ५७ दिवस.

कारण पोलाद उन्हात लांबतं आणि थंडीत आखडतं. मद्रासच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारूच नका. साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, पेट्या तिवयांवर एका पातळीत बसवायच्या, वर सावली धरायची, थर्मामीटर लावून तापमान टिपायचं आणि त्या हिशेबाने लांबी दुरुस्त करायची. अशी साखळी ४०० वेळा उचलून पुढे ठेवली.

एक रेषा मोजा, बाकीचं कोन सांगतात

एवढा आटापिटा एका रेषेसाठी का? कारण त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात.

मोजलेल्या रेषेच्या दोन टोकांवरून लांबची एक टेकडी दुर्बिणीतून बघायची. दोन्ही कोन लिहून घ्यायचे. टेकडीपर्यंतचं अंतर न चालता मिळालं. आता ही नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. तिथून पुढची टेकडी, मग त्याच्या पुढची. अशी त्रिकोणांची माळ शेकडो किलोमीटर जाते. अधूनमधून एखादी बाजू पुन्हा साखळीने मोजायची. गणिताचं उत्तर आणि साखळीचं उत्तर जुळलं म्हणजे काम बरोबर.

यात एक बारकावा आहे. शाळेत आपण शिकतो की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. पण पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणात ती थोडी जास्त भरते. ५० किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणात हा फरक साधारण साडेपाच सेकंद असतो. एक सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. एवढ्याशा फरकाचाही हिशेब लॅम्बटनला धरावा लागायचा.

मद्रासहून निघालेली माळ पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरजवळ पोचली तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. जुन्या नकाशांप्रमाणे हे अंतर ४०० मैल होतं. लॅम्बटनच्या मोजणीत ते ३६० मैल भरलं. म्हणजे नकाशावरचा ४० मैल रुंदीचा पट्टा मुळात नव्हताच. खर्चावर बोलणारी तोंडं त्यानंतर बरीच बंद झाली.

मोठी कमान उत्तरेला निघाली

आता त्याने मोर्चा उत्तर-दक्षिण वळवला. ७८ अंश रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारी ही माळ पुढे ग्रेट आर्क, म्हणजे मोठी कमान, म्हणून ओळखली गेली.

पृथ्वीचा आकार यातूनच कळणार होता. ध्रुवांजवळ पृथ्वी थोडी चपटी आहे असं न्यूटनचं गणित सांगत होतं. तसं असेल तर अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ लहान आणि उत्तरेकडे जाताना थोडा थोडा मोठा भरायला हवा. आज आपल्याला माहीत आहे की तो विषुववृत्तावर सुमारे ११०.६ आणि ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर असतो. लॅम्बटन हा किलोमीटरभराचा फरक दोनशे वर्षांपूर्वी रानावनात शोधत होता.

दक्षिणेत डोंगर कमी, झाडी दाट. लांबचं दिसावं म्हणून थिओडोलाइट देवळांच्या गोपुरांवर चढवावा लागे. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर तो चढवताना दोर तुटला. थिओडोलाइट भिंतीवर आपटला आणि त्याचं मोजणीचं वर्तुळ वाकलं. दुसरा कुणी असता तर काम थांबलं असतं. लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ पूर्ववत केलं.

या कामात नाव लॅम्बटनचं झालं, पण ओझी वाहणारे, टेकड्यांवर झेंडे धरून उभे राहणारे, दृष्टीच्या आड येणारी झाडं तोडणारे हात इथल्याच माणसांचे होते. मलेरियाच्या तापाने त्यांच्यातले कितीतरी गेले. गावोगावी लोकही बिचकायचे. दुर्बीण लावून हे साहेब लोक नक्की काय बघतात, जमीन मोजून काय करणार, हा संशय असायचा. जमीन मोजली की सारा वाढतो, हे शेतकऱ्याला सांगायला लागत नव्हतं.

मराठवाड्याच्या दारात

१८१५ मध्ये बिदरजवळ दमरगिद्दा इथे आणखी एक पायाभूत रेषा मोजली गेली. म्हणजे माळ आता मराठवाड्याच्या दाराशी आली होती. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही लॅम्बटनचा सन्मान केला. १ जानेवारी १८१८ पासून त्याच्या कामाला ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे असं नाव मिळालं आणि ते मद्रासकडून थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेलं. त्याच वर्षी एक तरुण मदतनीस रुजू झाला. त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट.

मोठ्या कमानीपासून पश्चिमेला, मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची एक माळ नेण्याचं काम एव्हरेस्टकडे आलं. नकाशावर बिदर आणि मुंबई पट्टीने जोडून बघा. ती रेषा आजच्या धाराशिव जिल्ह्यातून, भूमपासून फार लांब नाही, अशी जाते.

भूमचंच उदाहरण घेऊन हे गणित घरबसल्या करता येतं. भूम साधारण १८.४६ उत्तर अक्षांश आणि ७५.६६ पूर्व रेखांशावर आहे. हिंगणघाट २०.५५ आणि ७८.८४ वर. अक्षांशातला फरक २.०९ अंश. एक अंश ११०.७ किलोमीटर धरला तर उत्तरेकडे सुमारे २३१ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.१८ अंश. रेखांशाचे अंश उत्तरेकडे जाताना आखडतात, या पट्ट्यात एक अंश साधारण १०५ किलोमीटर. म्हणजे पूर्वेकडे ३३४ किलोमीटर. आता पायथागोरस लावा. उत्तर येतं सुमारे ४०६ किलोमीटर. भूमहून उडालेला पक्षी सरळ गेला तर इतकं अंतर कापून हिंगणघाटला पोचेल.

एवढ्या अंतराला जमीन सपाट धरली तरी चालतं. न्यूयॉर्कला मात्र चालत नाही. तिथे गोलाचं गणित लागतं, आणि अगदी अचूक उत्तर हवं असेल तर पृथ्वीचा चपटेपणाही धरावा लागतो. तो धरला नाही तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक होऊ शकते.

हिंगणघाटचा शेवटचा मुक्काम

१८२२ सरता सरता लॅम्बटनने हैदराबादहून नागपूरकडे कूच केलं. कामाचं ठाणं तिकडे हलवायचं होतं. वय सत्तरीकडे झुकलेलं, खोकल्याने छाती पोखरलेली. तरी तो छावणीबरोबर निघाला. वाटेत हिंगणघाटला मुक्काम पडला. २० जानेवारी १८२३ रोजी तिथेच त्याचा मृत्यू झाला. नागपूर ७०-७५ किलोमीटर राहिलं होतं.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याची कबर आहे.

एव्हरेस्टने काम हाती घेतलं. विदर्भातून माळ पुढे मध्य भारतात नेली आणि १८३० साली, लॅम्बटनची आणि स्वतःची मोजणी धरून पृथ्वीच्या आकाराचे आकडे मांडले. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला माळ हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनजवळ पोचली. लांबी सुमारे २,४०० किलोमीटर. याच जाळ्याच्या आधाराने पुढे हिमालयाची शिखरं मोजली गेली. राधानाथ सिकदरांच्या गणिताने सगळ्यात उंच ठरलेल्या शिखराला १८५६ मध्ये एव्हरेस्टचं नाव सुचवलं गेलं. लॅम्बटनचं नाव मात्र मागेच राहिलं.

साखळी किती बरोबर निघाली?

एव्हरेस्टच्या १८३० च्या आकड्यांप्रमाणे पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७७.२७६ किलोमीटर. आज उपग्रहांच्या मदतीने ठरवलेला आणि जीपीएससाठी वापरला जाणारा आकडा ६,३७८.१३७ किलोमीटर. फरक ८६१ मीटर.

म्हणजे त्या जुन्या आकड्यांवरून आज मुंबई ते न्यूयॉर्क अंतर काढलं, तर साडेबारा हजार किलोमीटरमध्ये फरक पडेल फक्त दीड किलोमीटरच्या आसपास. भारताचे सरकारी नकाशे तर २००५ चं नकाशा धोरण येईपर्यंत एव्हरेस्टच्याच मापावर चालत होते.

आता विमान बरोबर याच अंतराने जातं का? नाही. उड्डाण आणि उतरण्याचे ठरलेले मार्ग असतात, वरच्या थरातले जोराचे वारे असतात, कुठे युद्धामुळे आकाश बंद असतं. त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास नेहमीच थोडा जास्त भरतो. पण इंधन किती घ्यायचं, वेळ किती लागेल, वळसा किती पडला, हे सगळं ज्याच्याशी ताडून बघतात तो पायाचा आकडा बृहद्वृत्ताचाच असतो. विमानचालनात वापरला जाणारा सागरी मैलही यातूनच आलाय. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.

वर्ध्याहून किंवा नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याने कधी गेलात तर हिंगणघाट लागतं. अंशाचे किलोमीटर करायला ज्याने साखळी ४०० वेळा उचलून ठेवली, तो माणूस याच गावात आहे.